एकाच माणसाच्या दोन डोळ्यांना दोन निराळ्या शस्त्रक्रिया का?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय 68 आहे. गेली सात वर्षे त्यांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. इथे शेजारीपाजारी त्याला झामर म्हणतात. उजव्या डोळ्यात तीन बाटल्यांचे थेंब दिवसातून पाच वेळा घालते, तरी तिथला दाब 21 येतो आणि नजर बरीच आकसली आहे. डाव्यात दोन थेंबांवर दाब 18 असून नुकसान थोडे आहे. आता दोन्हीकडे मोतीबिंदूही आला आहे. डॉक्टर म्हणतात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूबरोबर एक बारीक स्टेंट बसवू. उजव्याला मात्र ट्रॅबेक्युलेक्टमी ही जुनी, मोठी शस्त्रक्रिया लागेल. न्यू जर्सीची आमची मुलगी म्हणते, तिकडे आता स्टेंटच घालतात, दोन्हीकडे तोच बसवून घ्या. दीर म्हणतात, स्टेंट हा पैसे काढण्याचा प्रकार आहे. आमच्या मनात डावा डोळा आत्ता उरकून, दिवाळीनंतर मुलीकडे चार महिने राहून आल्यावर उजव्याचे पाहावे असे आहे. यजमानांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली असून रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. त्यांचे थेंब सुटतील का, गेलेली नजर परत येईल का, आणि एकाच माणसावर दोन तऱ्हांचे प्रयोग का, हे कळत नाही.
— एक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या डॉक्टरांनी प्रयोग मांडलेला नाही. पत्रात दिलेल्या आकड्यांवरून त्यांची योजना मला सुसंगत वाटते, आणि दोन डोळ्यांना दोन उपाय सुचवले हेच त्यांनी प्रत्येक डोळा वेगळा तपासल्याचे लक्षण आहे. माझी हरकत आहे ती तुम्ही दोघांनी मनाशी ठरवलेल्या क्रमाला. जो डोळा धोक्यात आहे तो पुढे ढकलायचा आणि ज्याला थोडी सवड आहे तो आधी उरकायचा, असा तो उलटा क्रम आहे.

आता हे असे का, ते सांगतो. डोळ्याच्या आत एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते तीन मायक्रोलिटर, आणि तेवढाच द्रव सतत बाहेर जावा लागतो. बाहेर जाण्याची मुख्य वाट बुबुळाच्या कडेला, कॉर्निया हा पुढचा पारदर्शक पडदा आणि आतला रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनात आहे. तिथे मोरीच्या तोंडावर असते तशी एक बारीक जाळी आहे. तिच्यामागे श्लेम नावाची गोल कालवी, आणि त्या कालवीतून निघणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या डोळ्याच्या पृष्ठभागावरील शिरांना जाऊन मिळतात. तुमच्या यजमानांना बहुधा असलेल्या, म्हणजे उघड्या कोनाच्या काचबिंदूत, हा कोन दिसायला मोकळा असतो, परंतु जाळीतून द्रव झिरपण्यास अडथळा होतो आणि दाब चढतो. चढलेला दाब मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेचे तंतू हळूहळू मारतो. मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. म्हणून काचबिंदूने गेलेली नजर स्टेंटने, थेंबांनी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूमुळे जेवढे धूसर झाले आहे तेवढे मात्र मोतीबिंदू काढल्यावर स्वच्छ होईल. शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली की किती दिसेल याचा अंदाज दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्रपणे डॉक्टरांकडून आधीच घ्यावा, म्हणजे उजव्या डोळ्याविषयी नंतर निराशा व्हायची नाही.

ज्याला तुम्ही बारीक स्टेंट म्हणता तो या जाळीला वळसा घालतो. आयस्टेंट इंजेक्ट या नावाचा प्रकार टायटॅनियमचा असतो. त्याची उंची सुमारे 0.36 मिलिमीटर आणि रुंदी सुमारे 0.23 मिलिमीटर, म्हणजे चिमटीत धरला तरी दिसणे कठीण. मोतीबिंदूसाठी कॉर्नियाच्या कडेला जो छोटा छेद घेतात त्याच छेदातून, डोळ्यावर एक खास भिंग ठेवून कोन समोर आणतात आणि असे दोन स्टेंट जाळीतून पलीकडच्या कालवीत रोवतात. हायड्रस नावाचा दुसरा प्रकार निटिनॉल या मिश्रधातूचा, सुमारे आठ मिलिमीटर लांबीचा आणि वाकडा असतो. तो कालवीतच सरकवून ती उघडी ठेवतो. दोन्हींत डोळ्याचे पांढरे आवरण कापावे लागत नाही, टाके बहुधा लागत नाहीत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला वेळही थोडाच अधिक लागतो.

परंतु या वाटेला एक मर्यादा आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या मर्यादेत आहे. कालवीतून निघालेला द्रव शेवटी शिरांमध्येच जातो आणि त्या शिरांत स्वतःचा दाब असतो, साधारण 8 ते 10 मिलिमीटर पारा. ज्या शिरांत द्रव रिकामा व्हायचा त्यांच्यापेक्षा खाली डोळ्याचा दाब या मार्गाने जाऊ शकत नाही. त्यातच कालवी आणि पुढच्या वाहिन्या आपापला थोडा विरोध करतात. त्यामुळे जाळीतले स्टेंट बसवल्यावर दाब बहुधा पंधराच्या आसपास, कधी सोळा-सतरा असा स्थिरावतो. स्टेंट कितीही नीट बसला आणि शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला तरी ही गोष्ट बदलत नाही. एका डोळ्यात दोनाऐवजी तीन स्टेंट घालण्याच्या संचाला अमेरिकेत 2022 साली मान्यता मिळाली. तोही याच वाटेने द्रव सोडतो, म्हणून त्यालाही हीच मर्यादा लागू आहे.

डाव्या डोळ्याला पंधरा-सोळा पुरेल. तिथे नुकसान थोडे आहे, दोन थेंबांवर दाब 18 आहे, म्हणजे जवळ पोहोचलेलाच आहे. उजव्या डोळ्याचे तसे नाही. नजर आकसली आहे असे तुम्ही लिहिता, याचा अर्थ बाजूचे दृष्टिक्षेत्र गेले असून मध्यावर थोडे उरले आहे, आणि जेवढे तंतू कमी उरतात तेवढा दाब अधिक खाली ठेवावा लागतो. वाढलेल्या काचबिंदूविषयीच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. त्यात ज्या डोळ्यांचा दाब सहा वर्षांत प्रत्येक तपासणीच्या वेळी 18 च्या खाली राहिला, त्यांचे दृष्टिक्षेत्र सरासरीने जवळजवळ जागच्या जागी टिकले. आणि त्या डोळ्यांचा सरासरी दाब सुमारे 12 होता. स्वीडनमधील दुसऱ्या अभ्यासातून असे दिसले की दाब एका मिलिमीटरने उतरला तरी रोग पुढे सरकण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी घटतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे तीन थेंबांवर 21 असलेल्या, थोडीच नजर शिल्लक असलेल्या डोळ्याला 16 वर आणून समाधान मानणे परवडणारे का नाही, ते ध्यानात येईल. त्याला बाराच्या आसपास न्यावे लागेल आणि तिथवर जाळीतला स्टेंट भरवशाने नेत नाही.

ट्रॅबेक्युलेक्टमी नेते, कारण ती ही सगळी वाट सोडून देते. 1968 साली केर्न्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने तिचे वर्णन केले आणि आजही वाढलेल्या काचबिंदूत तिच्याशी तुलना करूनच नव्या उपायांचे मोल ठरते. वरच्या पापणीआड डोळ्याच्या पांढऱ्या आवरणात एक झडप करून द्रवाला बाहेरच्या पातळ त्वचेखाली वाट देतात. तिथे एक बारीक फुगवटा तयार होतो, त्याला ब्लेब म्हणतात, आणि द्रव तिथून शोषला जातो. ती वाट व्रण भरून बंद होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन हे औषध थोडा वेळ लावतात. मोठी म्हणतात ती उगीच नाही. सुरुवातीला दाब फारच खाली जाऊ शकतो, फुगवटा गळू शकतो, टाके लेझरने सैल करावे लागतात किंवा काढावे लागतात, पहिल्या दोन-तीन महिन्यांत वारंवार दवाखाना गाठावा लागतो. फार वाढलेल्या रोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेली मधली नजर एकदम कमी होण्याचा धोकाही असतो. तो थोडा असला तरी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावा. आणि फुगवट्याला जंतुसंसर्ग होण्याची शक्यता जन्मभर राहते. पुढे केव्हाही तो डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकट पाणी आले किंवा नजर मंदावली, तर दुसरा दिवस न उजाडू देता डॉक्टरांकडे जायचे असते. हे सगळे मान्य करूनही मी उजव्या डोळ्यासाठी हीच शस्त्रक्रिया सुचवीन, कारण ती न केल्यास काय होणार याविषयी संशय फारसा नाही.

मुलीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धे. अमेरिकेत असे स्टेंट बरेच वापरले जातात हे खरे. आयस्टेंटला तिथे 2012 साली आणि हायड्रसला 2018 साली मान्यता मिळाली. मात्र ती मान्यता मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर, सौम्य ते मध्यम काचबिंदूसाठी होती. म्हणजे न्यू जर्सीच्या डॉक्टरांपुढे तुमच्या यजमानांचा उजवा डोळा नेला तर तेही बहुधा बडोद्याच्या डॉक्टरांसारखेच बोलतील. स्टेंट या एकाच नावाखाली बऱ्याच निरनिराळ्या वस्तू मोडतात, त्यानेही घोटाळा होतो. झेन नावाची सहा मिलिमीटरची जिलेटिनची नळी किंवा प्रिझर्फ्लो नावाची साडेआठ मिलिमीटरची नळी या कालवीत जात नाहीत; त्या ट्रॅबेक्युलेक्टमीप्रमाणे द्रव त्वचेखाली सोडतात आणि फुगवटा करतात. त्या दाब अधिक खाली नेऊ शकतात, पण मायटोमायसिन, फुगवट्याची देखरेख आणि पुष्कळदा नंतर सुईने तो मोकळा करणे हे सगळे त्यांच्यामागेही येते. उजव्या डोळ्यासाठी यांपैकी काही शक्य आहे का, असे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. झेनमधले जिलेटिन डुकराच्या कातडीपासून काढलेले असते. ज्यांना याचा विचार करावासा वाटतो त्यांना ते आधी माहीत असावे.

दिरांचा संशय मला निराधार वाटत नाही, जरी त्यांचा निष्कर्ष पटला नाही तरी. हायड्रसच्या 556 रुग्णांवरील होरायझन या चाचणीत पाच वर्षांनी स्टेंट बसवलेल्यांपैकी 66 टक्के लोक थेंबांशिवाय होते. विक्रेत्याच्या पत्रकात हा आकडा ठळक असेल. त्याच चाचणीत ज्यांची फक्त मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, स्टेंट बसवलाच नाही, त्यांच्यातले 46 टक्केही थेंबांशिवाय होते. कारण मोतीबिंदूचे फुगलेले भिंग काढल्याने दाब आपोआप थोडा उतरतो. तेव्हा स्टेंटच्या पदरात टाकायचे श्रेय दोन आकड्यांमधल्या फरकाएवढे. तो फरक खरा आहे. पाच वर्षांत पुढे काचबिंदूची मोठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाणही स्टेंट असलेल्यांत 2.4 टक्के आणि नसलेल्यांत 6.2 टक्के होते, आणि मला त्यातले हे दुसरे मोजमाप अधिक मोलाचे वाटते. म्हणून डाव्या डोळ्यात, मोतीबिंदू काढायचाच आहे तर, स्टेंट घालणे हा शहाणपणाचा खर्च आहे. मात्र थेंब सुटतीलच अशी हमी कोणी देत असेल तर तेवढ्यापुरते दिरांचे ऐकावे. दोनाचा एक थेंब झाला तरी रोज घालणाऱ्या हातांना ते पुष्कळ असते.

नवे म्हणजे चांगलेच, असे धरून चालू नये याचेही एक उदाहरण याच विषयात आहे. सायपास नावाच्या स्टेंटला अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. दोन वर्षांचे निकाल उत्तम होते. पाच वर्षांनी असे आढळले की तो बसवलेल्या डोळ्यांत कॉर्नियाच्या आतल्या थराच्या पेशी, ज्या पुन्हा तयार होत नाहीत, प्रमाणाबाहेर कमी होत होत्या. जाळीत बसणारे आयस्टेंट आणि हायड्रस हे निराळ्या जागचे आहेत आणि त्यांचे पाच वर्षांचे अनुभव प्रसिद्ध झालेले आहेत. तरीही तुमच्या डॉक्टरांना स्टेंटचे पूर्ण नाव आणि त्यांनी स्वतः तो किती वेळा बसवला आहे हे विचारावे. यात मर्यादाभंग होत नाही. त्याबरोबर हेही विचारावे की स्टेंट न घालता त्याच कोनात जाळीचा थोडा भाग उघडण्याची शस्त्रक्रिया, गोनिओटॉमी किंवा गॅट, त्यांच्याकडे होते का. तिला स्टेंटचा खर्च नसतो, जरी आत रक्त साकळण्याची शक्यता अधिक असते आणि तुमच्या यजमानांच्या गोळीमुळे ती आणखी वाढते.

त्या गोळीविषयी एकच गोष्ट सांगतो, पण ती काटेकोरपणे पाळा. हृदयाच्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय ती एक दिवसही बंद करू नका. अँजिओप्लास्टीनंतर परस्पर गोळी सोडण्याचा धोका डोळ्यात दोन दिवस थोडे रक्त उतरण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. थेंबांत टिमोलॉल असेल तर तेही हृदयाच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्याने नाडी मंदावू शकते आणि दम्याच्या माणसाला ते चालत नाही. पुढे कधी एमआरआय करावा लागला तर टायटॅनियमचा स्टेंट त्याला सहसा आड येत नाही, पण शस्त्रक्रियेनंतर मिळणारे कार्ड जपून ठेवावे आणि तपासणीआधी दाखवावे.

स्टेंट ठरवण्यापूर्वी गोनिओस्कोपी झाली आहे ना, याची खात्री करून घ्या. कोन प्रत्यक्ष पाहण्याची ही तपासणी आहे. आपल्याकडे अरुंद किंवा बंद कोनाचा काचबिंदूही पुष्कळ असतो आणि हे स्टेंट मुळात त्याच्यासाठी केलेले नाहीत. तशा डोळ्यात नुसते भिंग काढण्यानेच बराच फायदा होतो. आणखी एक खर्चाची बाब : मोतीबिंदूच्या वेळी मल्टीफोकल भिंगाचा आग्रह झाला, तर नम्रपणे नको म्हणा. असे भिंग प्रकाश वाटून टाकते, आणि काचबिंदूने आधीच फिकट झालेली नजर त्याने आणखी फिकट होते. साधे एका अंतराचे भिंग आणि वाचायला चष्मा हेच त्यांना योग्य; वाचलेले पैसे फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, आणि दृष्टीच्या नसेचे थर मोजणारी ओसीटी यांसाठी ठेवा, त्या तपासण्या पुढेही ठरावीक काळाने लागणारच आहेत. भिंग, स्टेंट आणि शस्त्रक्रिया यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा आणि विमा असेल तर स्टेंटची मंजुरी कंपनीकडून आधी लेखी घ्या. दुसरे मत हवे असल्यास सयाजी रुग्णालयाचा नेत्रविभाग गावातच आहे, आणि अहमदाबादेत सिव्हिल रुग्णालयाशी संलग्न एम. अँड जे. ही सरकारी नेत्रसंस्था आहे. जाताना जुन्या सगळ्या फील्ड टेस्टचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या, कारण नजर किती वेगाने आकसते आहे हे एका कागदावरून कळत नाही.

आता मुलीकडे जाण्याचे. उजवा डोळा आधी करा आणि लवकर करा. त्यानंतरचे दोन-तीन महिने बडोद्यातच काढा, कारण त्या काळातली देखरेख ही शस्त्रक्रियेचाच भाग असते आणि ज्या हातांनी शस्त्रक्रिया केली त्यांनीच ती केलेली बरी. परदेशात प्रवासी विम्यावर आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळवणे किती अवघड असते हे मुलगी सांगेलच. उजवा स्थिरावल्यावर डावा, मग महिनाभराने तपासणी, आणि मग विमान. दिवाळीनंतरचा बेत यामुळे उन्हाळ्यावर जाईल. न्यू जर्सीच्या थंडीपेक्षा तो काळ तुम्हा दोघांना सोसणाराही होईल. शस्त्रक्रियेनंतर देतात त्या स्टेरॉईडच्या थेंबांनी काहींचा दाब वर चढतो, म्हणून दाब मोजण्याची एकही ठरलेली तारीख चुकवू नका आणि ते थेंब सांगितल्यापेक्षा जास्त दिवस चालू ठेवू नका.

तोवर तुमचे पाच वेळांचे काम चालू राहू द्या. दोन वेगळ्या थेंबांमध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्या, आणि प्रत्येक थेंबानंतर डोळा मिटवून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलके दाबून धरा. त्याने औषध डोळ्यात टिकते आणि टिमोलॉलसारखे औषध नाकाघशातून रक्तात कमी उतरते. दिरांनाही एक निरोप द्या. सख्ख्या भावाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो असण्याची शक्यता इतरांहून अनेक पटींनी अधिक असते आणि सुरुवातीला तो दुखत नाही, खुपत नाही, दिसण्यातही काही कमी जाणवत नाही. त्यांनी दाब, दृष्टीची नस आणि कोन यांची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी. मुलीने चाळिशी ओलांडली असेल तर तिनेही तिकडे करून घ्यावी.